उघाडीवाल्याचा श्रावण

बाबा कायमचे जयपूरला राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात चार सदरे, दोन पँटी, आईचा फोटो आणि भाताच्या बियाण्याचा एक पत्र्याचा डबा होता. स्वेटर नव्हता. डिसेंबरात जयपूरला येताना माणसाने स्वेटर विसरावा आणि भाताचं बी तेवढं आठवणीने आणावं, यावरून मी स्टेशनपासून वैशाली नगरपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवला. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. घरापाशी उतरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गच्ची आपलीच ना?"

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठी. गावाची निम्मी शेती खाडीकडून मिळवलेली आहे. कुण्या काळी गावाने चिखलाचा लांबलचक बांध घालून भरतीचं पाणी बाहेर अडवलं, आतल्या जमिनीतलं मीठ पावसाने धुऊन जाऊ दिलं आणि तिथे भात पेरलं. त्या बांधात एक लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडायचं, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत बंद करायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. आमचं शेत बांधाला लागूनच असल्यामुळे गावाने हे काम आमच्या घराकडे दिलं होतं, आणि बाबांनी ते तीस वर्षं केलं. घरात घड्याळ होतं, पण आमचं सगळं तिथीवर चालायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, अवस-पुनवेला बाराच्या आसपास. मला पाऊणकी आधी पाठ झाली, बेचा पाढा नंतर.

खरं सांगायचं तर ते शेत मला कधी आवडलं नाही. उधाणाच्या दिवसांत बांधाला कुठे भेग गेली की घरटी एक माणूस माती टाकायला जायचा, आणि आमच्या घरातून सगळे जायचे. शाळा बुडायची. आईच्या टाचांना मिठाने पडलेल्या भेगा मी कधी भरलेल्या पाहिल्या नाहीत. माझ्या साखरपुड्याला पाहुण्यांनी मुहूर्त काढताना भरतीचा विचार केला नव्हता, त्यामुळे बाबा मुहूर्त टळून गेल्यावर आले, तेही पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले. माझ्या नागपूरकर सासूबाईंनी तो किस्सा पुढे बरीच वर्षं चवीने सांगितला. मी शिकले, रसायनशास्त्राची प्राध्यापिका झाले, आणि नोकरीसाठी भारतातल्या जितक्या कोरड्या गावी जाता येईल तितक्या कोरड्या गावी आले. हा योगायोग होता असं मी लोकांना सांगते.

मी इकडे रुळले आणि तिकडे गावात माणसं कमी होत गेली. तरुण पोरं कंपन्यांमध्ये लागली. बांधावर माती टाकायला घरटी एक माणूस यायचा, तो येईनासा झाला. एका पावसाळ्यात उधाणाचं पाणी बांधावरून आत आलं. उघाडी मोडून चिखलात रुतून बसली होती, त्यामुळे ते पाणी परत बाहेर जाईना. भात गेलं ते गेलंच. शेतही नाही आणि खाडीही नाही असं काहीतरी उरलं. उन्हाळ्यात ते पांढरं पडायचं आणि पावसाळ्यात त्याला वास यायचा. बाबा तरीही मोडक्या उघाडीवर रोज फेरी मारायचे. आई गेल्यावर मी त्यांना उचलून इकडे आणलं. त्यांनी विरोध केला नाही, याचंच मला वाईट वाटलं.

डब्यातलं बी खाऱ्या जमिनीत येणाऱ्या तांबड्या भाताचं होतं. गावात ते आता दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. बी दर वर्षी पेरलं नाही तर दोन-तीन वर्षांत मरतं, म्हणून बाबांनी झोटवाड्याहून निळे प्लास्टिकचे ड्रम आणवले, ते आडवे कापून घेतले आणि गच्चीवर मांडले. आमच्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येतं. त्या पाण्यावर भात करायला मी साफ नकार दिला. मग बाबा बोअरच्या पाण्याकडे वळले. ते पाणी आम्ही फक्त फरशी पुसायला वापरतो, कारण बादलीला त्याचा पांढरा थर बसतो. बाबांनी ते ओंजळीत घेऊन चाखलं, थोडं तोंडात घोळवलं आणि म्हणाले, "हे आपल्याकडच्यासारखंच हाय." जयपूरला आल्यापासून त्यांना आवडलेली ती पहिली गोष्ट.

शेजारच्या गच्चीवरून एक आजी रोज बघायच्या. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "भाईसाहब, ये कौन सी घास लगाई है?" बाबांना हिंदी कळायची, बोलता यायची नाही. त्यांनी एक लोंबी तोडून त्यांच्या हातावर ठेवली. त्या आजींनी आयुष्यभर भात खाल्लेला होता, पण झाडावरचा कधी पाहिला नव्हता. पोपटांना मात्र तो लगेच ओळखता आला. त्यांच्यापासून वाचवायला बाबा माझ्या जुन्या साड्या ड्रमांवर ताणून बांधायचे. दर वर्षी डबाभर बी निघायचं, ते पुढच्या वर्षी परत ड्रमांत जायचं. असं पाच वर्षं चाललं.

"हे कशासाठी?" असं मी दर पावसाळ्यात विचारायचे.

"बांध दुरुस्त झाला तर बी कुठून आनशील?"

"बाबा, बांध कोण दुरुस्त करणार आहे?"

"होईल," असं म्हणून ते साडीची गाठ घट्ट करायचे. माझ्या चुलतभावाची बायको तेव्हा गावात दुसऱ्याच कामाला लागली होती, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

ही वहिनी खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते. तिच्याबरोबर गावातल्या आणखी बायका आहेत. चिंबोऱ्या कमी झाल्या, कोलंबी दिसेनाशी झाली आणि खाडीचा काठ ढासळत घरांपर्यंत आला, तेव्हा या बायका एकत्र बसल्या. जिथे तिवराची, म्हणजे खारफुटीची, झाडी उभी आहे तिथे काठ टिकतो आणि चिंबोऱ्याही तिथेच असतात, हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. त्यांनी मेलेल्या शेतांत तिवराची रोपं लावायचं ठरवलं. परवानग्यांसाठी हेलपाटे घातले, रोपं मिळवली, दोन वर्षं चिखलात कमरेइतक्या उतरून लावली. दोन्ही वर्षं सगळी मेली. तेव्हा वहिनीने जयपूरला फोन केला.

मी फोन स्पीकरवर ठेवला. बाबा भाजी निवडत होते. वहिनीची कहाणी ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलत गेला. दुसऱ्याचं चुकलेलं ऐकून इतकं बरं वाटलेला माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

"रोपं कसली लावता?" ते म्हणाले. "बाग हाय काय ती? पानी आत येतं त्याचं काय घेऊन बसलात, ते जातं कुठून ते बगा. तिवराचे पाय दिवसातून दोनदा उघडे पडायला लागतात. कोंडलेल्या पान्यात ते कुजनारच. जवर बांध फोडत नाय, तवर तिथं काय जगायचं नाय."

बोलून गेले आणि थांबले. मग वहिनी हळूच म्हणाली, "काका, त्यासाठीच फोन केला. बांध फोडायचं गावाने ठरवलंय. सगल्यांचा होकार झालाय. तुमचा तेवढा राहिलाय. आनि फोडायचा तो तुमच्याच शेताशी फोडावा लागेल."

बाबांनी हातातली मेथीची जुडी ताटात ठेवली आणि गच्चीवर निघून गेले. मी वहिनीला म्हटलं, विचार करू दे त्यांना.

त्यांनी पंधरा दिवस विचार केला, म्हणजे माझ्याशी बोलणं बंद केलं. सकाळी चालत जवळच्या स्टेशनपर्यंत जायचे, फलाटावर बसायचे, परत यायचे. मला त्यांचं दुःख कळत होतं आणि रागही येत होता. एका संध्याकाळी मी बोलले ते बोलू नये असं होतं. म्हटलं, "देऊन टाका एकदाचं. त्या शेताने आईला काय दिलं? भेगाच ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते चप्पल घालून बाहेर पडले. मला तेव्हाही कळत होतं की आईने त्या शेतात काम केलं ते बाबांच्या हट्टापायी नव्हे. ती भात लावताना गायची, आणि घरात कधी गायची नाही. हे आठवत असूनही मी ते बोलले.

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "लाव तिला फोन."

त्यांनी वहिनीला आधी जागा सांगितली. बांध घालायच्या आधी खाडीचा एक ओहोळ आमच्या शेतातून आत जायचा. तो कुठून जायचा हे त्यांना त्यांच्या आजोबांनी दाखवलेलं होतं. बांध तिथेच फोडायचा, म्हणजे पाणी आपल्या जुन्या वाटेने येईल आणि त्याच वाटेने जाईल. मग वेळ सांगितली, श्रावणातल्या अवसेची भरती. तेव्हा उधाण मोठं असतं आणि तिवराचं बी झाडावरून गळून खाडीभर तरंगत असतं. पाण्याबरोबर ते आपसूक आत येईल आणि त्याला पाहिजे तिथे रुजेल. "तुमच्या रोपांची काय गरज नाय," असा टोमणा मारायलाही ते विसरले नाहीत. शेवटी म्हणाले, "आनि मी येनार. मी आल्याशिवाय फावडा लावायचा नाय."

गावाकडून आलेल्या संमतीच्या कागदावर सही करून त्यांनी तो माझ्याकडे टपालात टाकायला दिला. त्यांची सही मी बऱ्याच वर्षांनी पाहिली. उघाडीच्या दाराची लाकडं ओढून बोटं वाकडी झालेल्या माणसाची ती सही होती.

तिकिटांचं काम माझ्याकडे होतं. स्वयंपाकघरात किराणा दुकानाने दिलेलं कॅलेंडर होतं. त्यात श्रावण शोधला, अमावास्या शोधली, तिच्या दोन दिवस आधी पोचू अशी तिकिटं काढली आणि कॉलेजात आठवड्याच्या रजेचा अर्ज दिला. बाबांना तारीख सांगितली. ते म्हणाले, "बरं." या वर्षी ड्रमांत त्यांनी भात पेरलं नव्हतं. मला वाटलं, मन उडालं असेल. गाडीत मात्र तो पत्र्याचा डबा त्यांच्या मांडीवर होता. मी विचारलं, तर म्हणाले, "तिथं कोनाला तरी होईल."

गावात पोचलो तेव्हा पाऊस होता आणि वहिनी परसदारी मासळी साफ करत होती. आम्हाला पाहून तिला आनंद झाला, आणि मग ती गोंधळली. "बरे आलात हो काका. पन ताई, एवढ्या आधी?"

"आधी कुठे? परवा अमावास्या ना?"

"परवा दिव्यांची अवस. श्रावणातली अजून महिन्यावर हाय."

मी तिथेच ओट्यावर बसले. माझ्या लक्षात आलं काय झालं ते. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, जयपूरकडे तो पौर्णिमेला संपतो. त्यांचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि त्यांच्या श्रावणाच्या मधोमध येणारी अमावास्या आपली आषाढातली असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं राजस्थानात काढलेल्या प्रत्येक मराठी बाईला हे माहीत असतं, कारण तिने कधी ना कधी श्रावणी सोमवार चुकवलेला असतो. पण तिकिटं काढताना मी कॅलेंडर पाहिलं, आकाश पाहिलं नाही. उघाडीवाल्याची मुलगी महिनाभर आधी आली ही बातमी तासाभरात वाडीभर झाली. जो तो येऊन "काय प्रोफेसरबाई, जयपुरात भरती लवकर येते काय?" असं विचारून गेला. चार दिवस मी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

पहिल्याच दिवशी जेवताना मला दुसरी गोष्ट सुचली. रोजची तिथी ज्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते, तो माणूस माझ्यासमोर ताक पीत बसला होता.

"बाबा, तुम्हाला कळलं नाही?"

"कललं."

"कधी?"

"तू तारीख सांगितलीस तवाच."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "तू तिकिटं काढली होतीस ना," ते म्हणाले, जणू माझ्या तिकिटांचा मान राखणं हा त्यांचा जन्मभराचा नेम होता.

मला रजा वाढवून मिळणार नव्हती. बाबा मागे राहिले, वहिनीकडे. मी एकटी परत आले. घर रिकामं वाटलं, हे मी कबूल करते. पाच वर्षं ज्या माणसाच्या गच्चीवरच्या पसाऱ्याबद्दल मी कुरकुर केली, त्याचे रिकामे ड्रम बघवेनात. शेजारच्या आजींनी दोनदा विचारलं, "भाईसाहब कब आयेंगे?"

तीन आठवडे बरे गेले. मग एका सकाळी वहिनीचा फोटो आला. फोटोत पावसाने भरलेलं आभाळ होतं, काळपट चिखल होता, आणि त्या चिखलाच्या एका उंच कोपऱ्यात आमच्या गच्चीएवढा हिरवागार चौकोन. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. भात होतं. पाठोपाठ तिचा फोन आला.

मी निघून गेले त्याच दिवशी बाबांनी डब्यातलं सगळं बी भिजत घातलं होतं. मोड आल्यावर आमच्या शेताच्या बांधाकडच्या उंच तुकड्यात पेरलं. तिथलं मीठ दीड महिन्याच्या पावसाने धुऊन गेलं होतं. भोवती चिखलाची वरंबी घातली, ओहोटीला पाणी काढायला एक नळी बसवली. आधी सगळ्यांना गंमत वाटली. म्हाताऱ्याचा वेळ जातोय, जाऊ दे. पण भात उगवलं, वाढलं, नडगीला लागलं. बाबा रोज सकाळी जाऊन त्यात निंदणी करू लागले, आणि मग गावात कुजबुज सुरू झाली.

"लोक बोलतात, काका फिरले," वहिनी म्हणाली. "मानूस पेरतो तो कापायसाठीच ना, ताई? हे कापायला येनार कार्तिकात. तवर तिवराचं बी थांबतं काय? अख्खं वर्ष जाईल आमचं. पोरी दोन वर्षं राबून मेल्यात त्या चिखलात. आता परत कोन उतरायची नाय."

"पण त्यांची सही आहे ना?"

"सही हाय. म्हनून काय उभ्या पिकात फावडा लावायचा?"

तिचं म्हणणं मला कळलं. आमच्याकडे भांडणं होतात, कोर्टात जाणारीही होतात, पण उभ्या पिकात पाय टाकायला कुणी धजत नाही. बाबा नको म्हणाले असते तर गावाने त्यांना समजावलं असतं, वेळ पडली तर दटावलंही असतं. त्यांनी तोंडाने काही न म्हणता भात पेरून ठेवलं होतं. आता सगळं त्यांच्या मनावर होतं, आणि त्यांच्या मनात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. चूक माझी होती. मी तिकिटं नीट काढली असती तर त्यांना हा महिना मिळालाच नसता.

मी त्यांना फोन लावला आणि सरळ विषयाला हात घातला. "बाबा, तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय."

"मग पेरलंत कशाला?"

"पाऊस बरा झाला यंदा," ते म्हणाले. मागून पाण्यात पाय ओढल्याचा आवाज येत होता. म्हणजे ते तिथेच होते, भातात. मी आणखी बोलणार होते, वहिनीबद्दल, बायकांबद्दल, तिवराबद्दल. पण "बरं" म्हणून मी फोन ठेवला. कारण माझ्या आत एक गोष्ट झाली होती आणि ती मला बिलकुल आवडली नव्हती. तो हिरवा चौकोन मी दिवसातून दहा वेळा बघत होते. ज्या शेताचा मी जन्मभर राग केला, ते पाण्याखाली जाऊ नये असं मला वाटत होतं.

अमावास्येच्या दिवशी माझा बारा वाजता तास होता. साडेअकराला मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसले. वहिनीने व्हिडिओ लावला होता. बांधावर गाव जमलं होतं. पुरुष फावडी घेऊन, बायका रिकामी घमेली घेऊन, बऱ्याच जणांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, कारण पाऊस भुरभुरत होता. सकाळच्या ओहोटीत त्यांनी बाबांनी दाखवलेल्या जागी बांध आतून कोरत आणला होता. खाडीच्या बाजूची हातभर जाडीची भिंत तेवढी राहिली होती. पलीकडे भरती चढत होती. भिंत राहिली होती ती राहिलीच होती. तिला हात लावायला कुणी पुढे होत नव्हतं.

बाबा भातात उभे होते. वहिनीने फोन त्यांच्याकडे वळवला. ते वाकून एका रोपाच्या बुडाशी काहीतरी करत होते. बहुतेक गवताची काडी उपटत होते. मला वाटलं, आता हा माणूस तिथून हलणार नाही. कुणीतरी म्हणालं, "काका, पानी आलं." कुणीतरी त्याला गप्प केलं.

मग बाबा सरळ झाले. भाताच्या कडेकडेने, एकही रोप पायाखाली येणार नाही असं बघत बघत, ते बाहेर आले. बांधावर चढायला त्यांना वेळ लागला. कुणी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. वर आल्यावर त्यांनी आभाळाकडे नाही, पाण्याकडे बघितलं, आणखी थोडं चढू दिलं, आणि शेजारच्या माणसाकडून फावडं मागून घेतलं. तीनच घाव घातले. तिसऱ्याला भिंत आपणहून बसली.

पाणी आधी तांबडं होतं, मग काळं झालं. ते कुठे पसरलं नाही. बाबांनी सांगितलेल्या जुन्या ओहोळाच्या वाटेने थेट आत गेलं, वळलं, आणि मग दोन्ही बाजूंना चढू लागलं. त्याच्यावर हिरव्या शेंगांसारखं तिवराचं बी तरंगत होतं, मूठ-मूठ, मग ओंजळी-ओंजळींनी. बायका ओरडल्या. वहिनीचा हात हलत होता, त्यामुळे मला कधी पाणी दिसायचं, कधी माणसांचे पाय. भाताचा तुकडा उंचावर होता. तिथे पाणी शेवटी पोचलं. वरंबीवरून सावकाश आत उतरलं. थोडा वेळ हिरवी टोकं पाण्यावर दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली.

गावातल्या एकाही माणसाने टाळी वाजवली नाही, हे मला आठवतं. बांधावर होते त्या सगळ्यांच्या बापजाद्यांनी हे पाणी बाहेर ठेवण्यात जन्म घालवला होता. वहिनीचा आवाज आला, "काका, ताई हाय फोनवर." पडद्यावर बाबांचा चेहरा आला, ओला, फार जवळ, कारण फोन किती लांब धरायचा हे त्यांना कधी समजलं नाही.

मी पुन्हा तेच विचारलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. "बाबा, असंच करायचं होतं, तर पेरलंत कशाला?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. इतकी साधी गोष्ट मुलीला सांगावी लागावी, असं काहीतरी त्यांच्या कपाळावर उमटलं.

"पडीक जमीन काय, कोनपन देतं," ते म्हणाले. "मी पिकती दिली."

फोन वहिनीकडे परत गेला. ती पाणी दाखवत राहिली, मधेच हसत होती, मधेच नाक पुसत होती. बारा वाजले होते आणि माझा वर्ग वाट बघत होता. मी तिथेच बसून राहिले.